दोन थरांमधली तांबडी माती

१८८६ पर्यंत पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. त्या साली तो शुक्रवार पेठेतल्या नव्या दगडी इमारतीत हलला आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणू लागले. जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी या बाजाराच्या खर्चाला विरोध केला होता. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला फुल्यांचे नाव मिळाले आणि आज तिला महात्मा फुले मंडई म्हणतात. फुले स्वतः कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी माल पुरवला होता. म्हणजे मंडईच्या भिंतीत बसलेल्या या काळ्या दगडाशी त्यांची व्यवसायातूनच ओळख होती.

हा दगड पुण्यात सगळीकडे आहे. पाताळेश्वराचे लेणे त्यात कोरले आहे, वाड्यांची जोती त्याची आहेत. पाथरवटांना आणि वडारांना त्याच्या जाती हाताला कळतात. टाकी मारली की कुठला खणखणतो, कुठला ठिसूळ निघतो, हे त्यांना सांगावे लागत नाही. खाण खोल जाऊ लागली की कठीण दगडाखाली भोकाभोकांचा दगड लागतो, त्याखाली कधी तांबडी माती, आणि त्या मातीखाली पुन्हा कठीण दगड. या उतरंडीत जो काळ साठला आहे तो मोजायला भूशास्त्राला जवळजवळ दोनशे वर्षे लागली. ती हकिगत आज सांगायला हवी, कारण ‘खडकांचे थर झपाट्याने तयार होतात, मग पृथ्वी जुनी कशावरून?’ हा प्रश्न अजून विचारला जातो.

प्रश्नाचे मूळ जुने आहे. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधल्या वंशावळींवरून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये ठरवला. १८ व्या शतकात ही तारीख इंग्रजी बायबलांच्या समासात छापली जाई. विसाव्या शतकात, १९६१ साली, जॉन व्हिटकॉम्ब आणि हेन्री मॉरिस या अमेरिकनांनी एक ग्रंथ लिहून असा दावा केला की जीवाश्मांचे बहुतेक थर नोहाच्या काळातल्या, वर्षभर टिकलेल्या महापुरात साचले. १९८० मध्ये अमेरिकेतला सेंट हेलन्स ज्वालामुखी फुटला आणि या मंडळींच्या हाती एक उदाहरण आले. त्या वर्षी १२ जूनच्या उद्रेकात काही तासांत सुमारे साडेसात मीटर जाडीचा, बारीक पट्ट्यापट्ट्यांचा थर साचला. पट्टे पाहून लाखो वर्षे मोजू नका, असे ते सांगू लागले.

त्या उदाहरणात तथ्य आहे. राख काही तासांत साचते, पुराचा गाळ एका रात्रीत बसतो, लाव्हाचा लोट काही दिवसांत मैलोगणती जातो. भूशास्त्रज्ञांनी हे कधीच नाकारलेले नाही. पुण्याचा हा काळा दगड ज्यापासून बनला त्या दख्खनच्या लाव्हाबद्दल तर तेच हे आवर्जून सांगतात. फक्त ते थर बघून थांबत नाहीत. एक थर संपला आणि दुसरा सुरू झाला, त्या मधल्या वेळात काय घडले, हे ते शोधतात. काळाचा हिशेब तिथे लागतो, आणि महाराष्ट्राइतकी त्याची उघडी वही जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

ती वही वाचायला पहिली शिस्तशीर सुरुवात पुण्यातून झाली. मुंबई सरकारने १८२४ मध्ये विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमले. साइक्स पक्षी, मासे, पिके, पाऊस, लोकसंख्या सगळेच टिपत, आणि दगडही. त्यांनी घाटाच्या कड्यांमधले आडवे थर नोंदले, एका डोंगरावरचा थर समोरच्या डोंगरावर त्याच उंचीला दिसतो हे पाहिले, आणि बेसाल्टच्या, म्हणजे या काळ्या दगडाच्या, थरांमधली तांबडी, विटेच्या भुकटीसारखी माती टिपली. १८३० च्या दशकात लंडनच्या भूशास्त्रीय सभेपुढे त्यांचा दख्खनवरचा निबंध आला. त्या काळी बेसाल्ट समुद्राच्या पाण्यातून साचला की ज्वालामुखीतून आला, हा वाद नुकताच विझत होता. साइक्स यांनी वयाचा आकडा दिला नाही. वय मोजायचे साधनच तेव्हा कुणाजवळ नव्हते.

पुढचा धागा नागपुरात सापडतो, आणि तो मला या साऱ्या हकिगतीत सर्वांत मोलाचा वाटतो. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. जन्म १८१७ चा, बेरविकशायरमधल्या डन्स गावचा. जेम्स हटन यांची शेती याच परगण्यात होती, आणि १७८८ मध्ये त्यांनी जिथे उभ्या कलंडलेल्या खडकांवर आडवे खडक बसलेले पाहून पृथ्वीच्या अफाट वयाच्या आपल्या कल्पनेला पुरावा मिळवला तो सिकार पॉइंटचा समुद्रकडाही तिथलाच. हिस्लॉप १८४० च्या दशकात नागपूरला आले. त्यांनी शाळा काढली, मराठी शिकले, गोंडी शब्द आणि कथा जमवल्या. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर, जे पुढे इंग्लंडमध्ये कोशकार म्हणून नावाजले, त्यांच्याबरोबर ते सवड मिळेल तेव्हा दगड पाहत हिंडत. नागपूरलगतच्या टाकळीजवळ त्यांना लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेला एक पातळ थर सापडला आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख निघाले. हुडकत गेल्यावर बिया, फळे, लाकूड, माशांचे अवशेष, कीटकांच्या पंखांची कवचे मिळाली. त्यांच्या आधी माल्कमसन नावाच्या अभ्यासकाने १८३७ मध्ये निर्मळच्या डोंगरांतून असेच शंख नोंदले होते. हिस्लॉप आणि हंटर यांनी नागपूर भागाच्या भूशास्त्रावरचा आपला निबंध १८५५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केला.

वर लाव्हा, खाली लाव्हा, मध्ये तळे. त्या तळ्याकाठी झाडे फुलली, फळली, त्यात गोगलगायींच्या पिढ्या झाल्या. हे लिहिणारा माणूस बायबल हाती घेऊन परदेशी आलेला धर्मोपदेशक होता. फ्री चर्चच्या मंडळींमध्ये ह्यू मिलर यांच्यासारखे नाणावलेले भूशास्त्रलेखक होते, आणि पृथ्वी जुनी आहे हे मान्य करूनही श्रद्धा टिकते असे त्यांच्यातले अनेक जण मानत. भूशास्त्र विरुद्ध धर्म अशी सरळ रेघ ओढणाऱ्या दोन्ही बाजूंनी हिस्लॉप यांच्याकडे पाहायला हवे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराने फुगलेल्या ओढ्यात त्यांचा बुडून मृत्यू झाला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजाला त्यांचेच नाव आहे.

हिस्लॉप यांची एक समजूत पुढे टिकली नाही. हे सगळे अवशेष एकाच मोठ्या तळ्याचे आहेत, आणि त्याखालचा लाव्हा मागाहून खालून घुसला, असे त्यांना वाटत होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम ब्लॅनफर्ड यांनी मध्य आणि पश्चिम भारतातल्या ट्रॅपवर, म्हणजे लाव्हाच्या या थरांवर, १८६७ मध्ये जे लिहिले त्याने हे चित्र पालटले. असे गोड्या पाण्याचे थर एकाच पातळीवर नाहीत. ते वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या लोटांच्या मध्ये आहेत, आणि लाव्हा समुद्राच्या तळाशी नव्हे, उघड्या जमिनीवर पसरला आहे. यासाठीची कसोटी साधी आहे. खालचा लाव्हा नंतर घुसला असता तर त्याने आपल्या वरची माती भाजली असती. प्रत्यक्षात भाजलेली बाजू मातीची वरची असते, म्हणजे वरचा लाव्हा तिच्यावर येऊन पडला तेव्हा खालचा थंड, कुजलेला आणि माती धरलेला होता. कात्रजच्या किंवा सिंहगडाच्या घाटरस्त्यावर तांबडा पट्टा दिसेल तिथे ही कसोटी कुणालाही लावता येते.

जिथे लाव्हा खरोखर पाण्यात उतरला तिथे खडक तेही सांगतो. लाव्हा पाण्यात शिरला की त्याचे गोलसर, उशांसारखे गोळे होऊन एकमेकांवर रचले जातात. मुंबईच्या काही भागांत असा खडक आहे. मुंबईतच, वरळीला, लाव्हांमधल्या गाळाच्या खडकात लहान बेडकांचे सांगाडे निघाले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन करून त्यांना शास्त्रीय नाव दिले. घाटमाथ्यावरच्या लोटांमध्ये मात्र या उशा जवळजवळ नाहीतच. सगळा दख्खन वर्षभर पाण्याखाली असताना हा लाव्हा ओतला गेला असता, तर मुंबईतला खडक अपवाद न राहता नियम झाला असता.

आता लाव्हाच्या घाईचाच हिशेब करू. हवाईमध्ये वाहत्या लाव्हावर कवच कसे जाड होते याची मोजमापे झाली आहेत. दुधावर साय धरते तसे वरचे कवच आधी धरते, पण ते जाड होत गेले की आतली उष्णता बाहेर पडायला अधिकाधिक वेळ लागतो. कवच १ मीटर व्हायला साधारण ७ दिवस पुरतात. १० मीटर व्हायला जवळजवळ २ वर्षे, २० मीटरला सुमारे साडेसात वर्षे. जाडी दुप्पट तर वेळ चौपट. दख्खनमध्ये दहा-वीस मीटर किंवा त्याहून जाड लोट सर्रास आहेत. ४० मीटरचा एकच लोट आतपर्यंत गोठायला दशकभराचा काळ हवा, आणि पश्चिम घाटात असे कितीतरी लोट एकावर एक चढून जवळजवळ दोन किलोमीटरची उंची झाली आहे. म्हणजे मातीचा आणि तळ्यांचा काळ अजिबात न धरता, नुसत्या थंड होण्यातच एका वर्षाचा महापूर कधीच संपून जातो.

आणि माती धरावीच लागते. लोटांमधला तांबडा थर कुठे काही सेंटिमीटरचा, कुठे मीटरभर किंवा जास्त. त्यातला काही भाग खालच्या बेसाल्टची झीज होऊन बनला, काही ज्वालामुखीच्या राखेचा आहे. वरच्या लोटाच्या धगीने तो भाजून आणखी लाल झाला. प्रत्येक पट्ट्याला किती काळ लागला याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. काही पट्टे शतकांचे असतील, काही हजारो वर्षांचे. पण काळा कठीण बेसाल्ट हवापाण्याने कुजून चिकणमाती होणे ही रासायनिक क्रिया आहे. तिला पाऊस लागतो, ऊन लागते, आणि उघडी पडलेली जमीन लागते. मध्य प्रदेशात छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलाँ इथे तर अशाच मधल्या थरांतून दगड झालेली फुले, फळे आणि ताडवर्गी झाडांची खोडे मिळाली. बिरबल साहनी यांनी १९३० च्या दशकापासून त्यांचा अभ्यास केला. फळलेले झाड सापडले म्हणजे तिथे जमीन होती, ऋतू होते.

मंडईशेजारी लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे, आणि काळाच्या या वादात टिळकांचाही एक छोटा पण खरा प्रवेश आहे. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात वेदांकडे वळण्याआधी त्यांनी भूशास्त्रच मांडले. शेवटचे हिमयुग कधी संपले? जेम्स क्रोल यांच्या खगोलगणितानुसार ८०,००० वर्षांपूर्वी. अमेरिकन भूशास्त्रज्ञ नायगाराच्या धबधब्याने आपली घळ किती वेगाने मागे कोरत नेली ते मोजून ८ ते १० हजार वर्षे म्हणत. टिळकांनी दोन्ही बाजू वाचकांपुढे ठेवल्या आणि अमेरिकनांचा आकडा स्वीकारला. आज तो शेवट सुमारे ११,७०० वर्षांपूर्वीचा मानला जातो. टिळकांचा उत्तर ध्रुवाचा सिद्धान्त विद्वानांनी स्वीकारला नाही, पण या एका निवडीत ते सत्याच्या बरेच जवळ होते. विशेष म्हणजे त्यांनी जो आकडा घेतला तो लहान होता. भूशास्त्राला मोठ्याच संख्यांची हौस असते असे नाही. घळ जेवढा काळ सांगते तेवढा ते मानते.

याच न्यायाने आपल्या घरातल्या एका समजुतीबद्दल बोलायला हवे. पूजेच्या संकल्पात आपण कल्प, मन्वंतर, युग यांची नावे घेतो. पुराणांप्रमाणे एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीचे वय आज ४५४ कोटी वर्षे मानले जाते. आकडे जवळ आले म्हणून पूर्वजांनी पृथ्वीचे वय मोजले होते असे अनेक जण अभिमानाने सांगतात. अशर यांची ६,००० वर्षे चुकीची आणि आपले ४३२ कोटी बरोबर, असा निवाडा मला मान्य नाही. दोन्ही आकडे ग्रंथांतून आले. खडकाला कुणीच विचारले नव्हते. कल्पाच्या संख्येत विश्वाच्या विशालतेची जाण आहे, तिचा मान मी राखतो, पण ती मोजणी नव्हे.

खडकाला विचारण्याची साधने विसाव्या शतकात आली. लॉर्ड केल्विन यांनी पृथ्वी थंड होण्याच्या गणितावरून १८६२ मध्ये २ ते ४० कोटी वर्षे सांगितली होती आणि नंतर ती मर्यादा २ ते ४ कोटींवर आणली होती. किरणोत्सर्गाचा शोध लागल्यावर ते गणित मोडले, आणि १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी अशनींमधल्या शिशाच्या मोजणीवरून ४५५ कोटींचा आकडा दिला. त्याच वर्षी दख्खनमधून एक वेगळीच साक्ष आली. बेसाल्ट थंड होताना त्यातले लोहकण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसतात, आणि तिच्यावरून खडक कोणत्या अक्षांशावर गोठला ते कळते. संशोधक क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये दख्खनचे नमुने तपासले. नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे यांनी हे काम पुढे नेले. दगडांनी सांगितलेली जागा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, बरीच खाली होती. पुण्याखालचा खडक गोठला तेव्हा भारत आजच्या जागेपासून सुमारे ५,००० किलोमीटर दक्षिणेला होता.

हा प्रवास साडेसहा कोटी वर्षांत वाटला तर वर्षाला सात-आठ सेंटिमीटर पडतात, आणि आज उपग्रहांनी मोजलेली भारताची चाल त्याच मापाची, वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर आहे. ६,००० वर्षांत बसवायचा तर भारतखंड दरवर्षी आठशेहून अधिक मीटर सरकायला हवे होते. सिंधू संस्कृतीच्या लोकांनी आकाशातले तारे आपल्या हयातीत जागा बदलताना पाहिले असते. शिवाय लोहकणांची दिशा सगळीकडे सारखी नाही. घाटातले बहुतेक खालचे लोट उलट्या चुंबकीय दिशेचे, आणि महाबळेश्वरच्या वरच्या भागातले आजच्यासारख्या दिशेचे आहेत. लाव्हा वाहत असतानाच पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र पालटले, आणि असे पालटायलाच हजारो वर्षे जातात.

वय मोजण्याच्या पद्धतींवरही आक्षेप घेतला जातो. सेंट हेलन्सच्या १९८० नंतर बनलेल्या घुमटाचा तुकडा तपासल्यावर पोटॅशियम-अर्गॉन पद्धतीने ३.५ लाख वर्षे आली, हे उदाहरण तर हटकून दिले जाते. पण त्या दगडात लाव्हाबरोबर आलेले आधीचे स्फटिक होते, आणि इतक्या ताज्या दगडातला अत्यल्प अर्गॉन मोजण्याची त्या उपकरणाची क्षमताच नव्हती. धान्याच्या काट्यावर चिमूटभर केशर तोलल्यावर चूक काट्याच्या निवडीची असते. खरी कसोटी लागते ती एकमेकांशी संबंध नसलेली दोन घड्याळे एकाच खडकमालिकेला लावल्यावर. दख्खनमध्ये ती लागली आहे. पोटॅशियमपासून अर्गॉन होणे आणि युरेनियमपासून शिसे होणे या भिन्न मूलद्रव्यांच्या, भिन्न रीतीच्या घडामोडी. किरणोत्सर्गाचा वेग पूर्वी वेगळा असता तर दोन्ही घड्याळे नेमकी सारख्याच प्रमाणात चुकायला हवीत. तसे मानायला कसलाही आधार नाही.

बेसाल्टमध्ये युरेनियम धरून ठेवणारे झिरकॉनचे स्फटिक क्वचित मिळतात. म्हणून प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी घाटातल्या लोटांमधल्या तांबड्या पट्ट्यांकडे मोर्चा वळवला. साइक्स यांनी जिची नोंद करून ठेवली होती तीच माती. तिच्यात मिसळलेल्या राखेतून झिरकॉन निघाले. त्यांच्या २०१५ च्या मोजणीनुसार घाटातला मुख्य उद्रेक ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास साडेसात लाख वर्षांच्या आसपास चालला. बर्कलीच्या कोर्टनी स्प्रेन आणि पॉल रेनी यांच्या गटाने अर्गॉन पद्धतीने सुमारे दहा लाख वर्षे सांगितली. लाव्हा घाईने वाहत होता हे दोघांनाही मान्य आहे, आणि त्या घाईचा एकूण हिशेब लाखो वर्षांचा आहे हेही. भूशास्त्राच्या मानाने हा अतिशय थोडा काळ आहे, म्हणूनच डायनासोरांच्या नाशात दख्खनच्या वायूंचा हात किती, हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचा एक धागा पूर्वेला सापडतो. दख्खनचा लाव्हा पूर्वेकडे थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोचला होता. तिथे खालच्या आणि वरच्या लाव्हांमध्ये चुनखडीचा थर आहे, आणि त्यात डायनासोर-युग संपल्यानंतर लगेच उदयाला आलेल्या सूक्ष्म सागरी जीवांची कवचे गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांना मिळाली. म्हणजे वरचा लाव्हा येण्याआधीच ती सामूहिक नाशाची घटना घडून गेली होती.

२२ फेब्रुवारी २०१९ च्या ‘सायन्स’ नियतकालिकात शोन आणि स्प्रेन या दोन्ही गटांचे निबंध एकाच अंकात आले. शोन यांच्या मते लाव्हा चार मोठ्या झपाट्यांत बाहेर पडला आणि त्यातला एक मोठा झपाटा, डायनासोरांच्या नाशाच्या वेळी मेक्सिकोत जो अशनी आदळला त्याच्या काही दशसहस्र वर्षे आधीच सुरू झाला होता. स्प्रेन यांच्या मोजणीत लाव्हाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग त्या आघातानंतरचा ठरतो. दोन्ही निबंधांत पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही नावे खडकांच्या पातळ्यांची म्हणून येतात, आणि मतभेद आहे तो नेमकी कोणती पातळी आघाताच्या आधीची आणि कोणती नंतरची एवढाच. तो सोडवण्यासाठी नव्या ठिकाणच्या तांबड्या पट्ट्यांतून आणखी झिरकॉन शोधावे लागतील.